मीठ विरघळल्यावर पाण्याची पातळी वाढते का? (मोजून बोला, ऐकीव नको)

मोजपात्र (धागाकर्ता)

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की कुठल्या ना कुठल्या शाळेत हा प्रयोग टेबलावर असतोच. चंचुपात्रात अर्धं पाणी, काचेवर मार्करची रेघ, चमचाभर मीठ, ढवळणं, आणि मागच्या तक्त्यावर ठरलेलं वाक्य: "मिठाचे कण पाण्याच्या रेणूंमधल्या मोकळ्या जागेत जाऊन बसतात, म्हणून पातळी वाढत नाही." परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात.

पातळी वाढते. वाढलेली दिसत नाही, ती मांडणीमुळे. २५० मिलीच्या चंचुपात्राचा व्यास साधारण ७ सेंमी, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ ३८ चौरस सेंमी. सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम मिठाने पाण्याचं आकारमान जेमतेम दीड मिलीने वाढतं. ते एवढ्या रुंद भांड्यात पसरलं की पातळी ०.४ मिलिमीटर वर जाते. मार्करची रेघच त्याच्या दुप्पट जाड असते. मग पोरगं "बदल नाही" असंच लिहिणार, त्याचा काय दोष!

भांडं अरुंद घ्या आणि मीठ भरपूर घ्या. १०० मिलीच्या मोजनळीत बरोबर ८० मिली पाणी घ्यायचं, त्यात २० ग्रॅम मीठ. पूर्ण विरघळल्यावर पातळी ८७ च्या आसपास येते. सात मिलीची वाढ लांबूनही दिसते.

आता खरी गंमत. मिठाच्या स्फटिकाची घनता २.१६ ग्रॅम प्रति घसेंमी (घन सेंमी, म्हणजेच मिली). म्हणजे २० ग्रॅम मीठ स्वतः सव्वानऊ मिली जागा व्यापतं. नुसती बेरीज केली तर पातळी ८९ च्या वर जायला हवी होती. मधले दोन मिली कुठे गेले, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

करताना लागणाऱ्या सूचना: मीठ आधी कढईत मंद आचेवर कोरडं करून घ्या. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढतं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात ती रोजच जाते. ओलसर मीठ २० ग्रॅम भरलं तर त्यात मीठ कमी आणि पाणी जास्त. ढवळायला चमचा घालू नका, बाहेर काढताना त्याला चिकटून अर्धा मिली जातो. नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ताणून रबरबँड लावा, तळव्याने दाबून धरा आणि नळी आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा. मग बुडबुडे निघून जाईस्तोवर थांबा. वाचन डोळ्यांच्या रेषेत, वक्राच्या तळाशी.

---

शंकासूर

सगळं ठीक, पण मीठ विरघळताना पाणी गार होतं म्हणतात. गार पाणी आकसतं. तुमचे दोन मिली तिथेच गेले असतील की.

---

मोजपात्र

गार होतं हे खरं. २० ग्रॅमला ८० मिली या प्रमाणात तापमान दोन-अडीच अंशांनी उतरतं. पण तेवढ्याने आकसणार किती? ८७ मिलीला जेमतेम एक दशांश मिली. दोन मिलींचा हिशोब त्यात लागत नाही. तरी मनात किंतु राहू नये म्हणून नळी तासभर तशीच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग वाचा.

तापमान मोजायचं तर प्रयोगशाळेतला −१० ते ११० अंशांचा तापमापक लागेल. तापाचा चालत नाही, त्याची पट्टी सुरूच होते पस्तिशीच्या आसपास.

---

रसायनी

धागा आवडला. मोकळ्या जागेची थिअरी एकदाची गाडली पाहिजे.

मिठाच्या स्फटिकात सोडिअम आणि क्लोरिनचे रेणू नसतातच. एकाआड एक रचलेले सोडिअमचे धनायन आणि क्लोराइडचे ऋणायन, म्हणजे धन आणि ऋण प्रभाराचे कण असतात, प्रत्येकाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा. ही जाळी पूर्ण फोडून आयन एकमेकांपासून लांब न्यायचे तर एका मोलला, म्हणजे ५८.४४ ग्रॅमला, सुमारे ७८७ किलोजूल ऊर्जा लागते. गॅसवर कढईत मीठ तापवून ते होत नाही. मीठ वितळायलाच ८०१ अंश लागतात, आयन वेगळे होऊन हवेत जाणं लांबच.

तेच काम गार पाणी मिनिटभरात करतं. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन. स्फटिकाच्या कोपऱ्यावरचा सोडिअम आयन तीनच शेजाऱ्यांनी धरलेला असतो, म्हणून आधी कोपरे आणि कडा सुटतात. सुटलेल्या सोडिअमभोवती पाच-सहा पाण्याचे रेणू ऑक्सिजन आत करून जमतात, क्लोराइडभोवती सहाएक रेणू हायड्रोजन आत करून. या जमण्यातून मिळणारी ऊर्जा जाळी फोडायच्या खर्चाला जवळपास पुरते. तूट राहते मोलमागे फक्त ३.९ किलोजूल. ती तूट पाणी स्वतःच्या उष्णतेतून भरतं, म्हणून पाणी गार होतं.

मग तोट्याचा व्यवहार आपोआप का होतो? कारण ऊर्जा हा एकच हिशोब नसतो. रांगेत बांधलेले आयन सगळ्या पाण्यात मोकळे फिरायला लागले की एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, वाढते. २५ अंशांना ती वाढ मोलमागे १३ किलोजूलच्या आसपास पडते. १३ मधून ३.९ वजा केले तरी नऊ किलोजूल विरघळण्याच्या बाजूने उरतात.

आता ते दोन मिली. आयनाभोवती खेचलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा दाटीने बसतं. साधं पाणी हायड्रोजन बंधांमुळे ऐसपैस, विरळ रचनेत असतं, आयनाच्या विद्युतक्षेत्रात ती रचना मोडते. म्हणजे मीठ पाण्याच्या जागेत घुसत नाही, मिठामुळे पाणीच आवळतं. विदा असा: एक मोल मिठाचा स्फटिक २७ घसेंमी. तोच भरपूर पाण्यात विरघळवला तर आकारमान १६.६ घसेंमीनेच वाढतं. द्रावण दाट होत गेलं की वाढ मोलमागे २१ च्या पुढे जाते, कारण आवळायला मोकळं पाणी उरत नाही.

आणि ही अखेरची खुंटी. निर्जल मॅग्नेशियम सल्फेट भरपूर पाण्यात थोडं विरघळवलं तर एकूण आकारमान मूळ पाण्यापेक्षाही कमी होतं. जागा भरण्याच्या थिअरीत हे बसतच नाही. पीएमटी रिकामी असो की खच्चून भरलेली, प्रवासी चढले म्हणून बस आखूड होत नाही.

---

खडेमीठ_कसबा

पीएमटीचं उदाहरण जबरी. वाचनखूण साठवली.

---

आठवीची आई

रसायनीताई, एक विचारते. शाळेत याला भौतिक बदल म्हणून शिकवतात. तुम्ही म्हणता जाळी फुटते, आयन वेगळे होतात, पाणी त्यांना धरतं. मग हा रासायनिक बदल नाही का? लेकीच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या पुस्तकात आहे ते लिही.

---

रसायनी

ताई, परीक्षेत भौतिकच लिहू दे. पाणी आटवलं की तेच मीठ परत मिळतं, नवा पदार्थ तयार होत नाही, या निकषावर ते बरोबर आहे. सोडिअम आयन आधीही सोडिअम आयनच होता आणि क्लोराइडही क्लोराइडच. इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण झालेली नाही. शेजारी बदलले, एवढंच. सीमारेषेवरचा मामला आहे, पण निकष लावून बोललं की भांडण उरत नाही.

हे आयन पाण्यात मोकळे असतात, वीज सोडायच्या आधीपासून असतात, हे स्वान्ते अऱ्हेनिअसने १८८४ च्या प्रबंधात मांडलं तेव्हा उप्सालाच्या परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं. पुढे १९०३ मध्ये त्याच कामावर रसायनशास्त्राचं नोबेल. तेव्हा बाईंवर फार रागावू नका.

---

तपकीर गल्ली

आयन मोकळे आहेत हे दाखवायचा सर्वात स्वस्त मार्ग: ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर, लाल एलईडी, दोन वायरी आणि पेन्सिलीची दोन शिसं. सगळं एका ओळीत, सिरीजमध्ये. शिसं एकमेकांपासून २ सेंमीवर, पाण्यात सारखीच बुडवायची. तांब्याच्या वायरी थेट पाण्यात नकोत. धन टोकाचं तांबं विरघळून पाणी हिरवट-निळसर होतं आणि मुलांना वाटतं तो मिठाचा रंग.

पाणी गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड घ्या, कुठल्याही गॅरेजवाल्याकडे मिळतं. त्यात एलईडी पेटत नाही. कोरड्या मिठात शिसं खुपसली तरी पेटत नाही. चिमूटभर मीठ त्या पाण्यात पडलं की लगेच उजेड. साखर कितीही घाला, अंधारच. साखर विरघळते ती अख्ख्या रेणूंनी, प्रभार नसतो.

शिसांवर बुडबुडे येतील. ऋण टोकाला हायड्रोजन, धन टोकाला थोडा क्लोरिन, तरणतलावासारखा वास येतो. अर्धा-एक मिनिट दाखवून बंद करा, खिडकी उघडी ठेवा. घरातल्या प्लगची वीज घेऊन हा प्रयोग कोणीही, कधीही, मोठ्यांनीही करायचा नाही.

ज्यांच्याकडे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर आहे त्यांना आणखी सोपं. तो मीटर क्षार मोजतच नाही, विद्युतवाहकता मोजून गुणकाने आकडा काढतो. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात एक ग्रॅम मीठ घातलं तर ०.५ गुणकाचा मीटर हजाराच्या आसपास दाखवतो. गुणक वेगळा असेल तर आकडा वेगळा, मीटर बिघडला म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालू नये.

---

खडेमीठ_कसबा

आमच्याकडून एक नजरेचा प्रयोग. उंच काचेचा ग्लास, पाणी काठोकाठ. दोन चमचे खडे मीठ मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करायची आणि दोऱ्याने अशी लटकवायची की जेमतेम पाण्यात बुडेल. ग्लासामागे टेबललॅम्प. पाच-दहा सेकंदांत पुरचुंडीखालून पारदर्शक दोऱ्या सुटतात, वळवळत तळाला जातात आणि तिथे पसरतात. पाण्यात पाणीच वेगळं दिसतं, कारण खाऱ्या पाण्यातून प्रकाश जास्त वाकतो. पुरचुंडी काही मिनिटांत रिकामी.

शेजारच्या ग्लासात तेवढंच मीठ तळाला टाकून हात न लावता ठेवा. संध्याकाळीही खडे तिथेच. खड्यांवर दाट खारं पाणी साचतं, ते जड असल्याने वर येत नाही, आणि खड्यांना ताजं पाणी मिळत नाही.

---

मोजपात्र

याला आकडा जोडतो. नुसत्या विसरणाने, म्हणजे न ढवळता कणांच्या आपोआप पसरण्याने, मीठ पाण्यात किती सावकाश सरकतं? विसरणांक १.६ गुणिले १० चा −९ वा घात चौरस मीटर प्रति सेकंद. १० सेंमी अंतर कापायला महिनाभर. मीठ "आपोआप सगळीकडे पसरतं" ते खरंच, पण तेवढी सवड असेल तर. घरात आपण पाहतो ते ढवळण्याचं आणि घनतेच्या प्रवाहांचं काम.

---

सॉफ्टनरवाले काका

कसबावाल्यांनी जे लिहिलं तेच आमच्या धंद्यातलं निम्मं दुखणं. वाघोली-उंड्रीकडच्या सोसायट्यांत बोअर आणि टँकरचं पाणी जड, म्हणून तळघरात सॉफ्टनर, पाणी मऊ करायचं मशीन. त्यातलं रेझिन, म्हणजे बारीक मणी, कॅल्शिअम-मॅग्नेशियम धरतं, भरलं की मिठाच्या पाण्याने धुऊन परत सोडिअमवर आणायचं, त्याला रिजनरेशन म्हणतात. तक्रार येते, "मीठ तर दोन पोती टाकलं, पाणी मऊ होत नाही." ऐंशी टक्के वेळा दोष रेझिनचा नसतो, मीठ विरघळण्याचा असतो.

पहिली गोष्ट. १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅमच्या वर मीठ विरघळत नाही. संपृक्त द्रावण वजनाने २६ टक्के, घनता १.२. त्याच्या एका लिटरात साधारण ३१७ ग्रॅम मीठ. पोती कितीही ओता, ब्राइन (मिठाचं दाट पाणी) टँकमधलं पाणी याच्यापुढे जात नाही. म्हणून मीठ किती टाकलं ते विचारू नका, ब्राइन किती लिटर ओढली गेली ते बघा. २५ लिटर रेझिनला एका रिजनरेशनला ४ किलो मीठ लावायचं धरलं, तर संपृक्त ब्राइन साडेबारा लिटरच्या वर हवी. मशीनचा इंजेक्टर ती पुढे पातळ करून १० टक्क्यांच्या आसपास रेझिनवर सोडतो.

दुसरी गोष्ट. वॉचमन रात्री पाणी भरतो आणि लगेच बटण दाबतो. टँकमध्ये खाली दाट, वर जवळजवळ गोडं पाणी. निम्मं रिजनरेशन पातळ पाण्यावर होतं. पाणी भरल्यावर चांगले तीन-चार तास द्या. मीठ तळाला नको, भोकं असलेल्या प्लेटवर पाण्याच्या वरपर्यंत रचलेलं हवं, म्हणजे दाट झालेलं पाणी खाली निथळतं आणि खड्यांना नवं पाणी लागत राहतं. वरून दोनदा ब्राइन फिरवली तर उत्तमच. हायड्रोमीटर टाकून १.१८ ते १.२० आलं की बटण दाबा. १.१० दिसलं तर थांबा.

तिसरी. स्वयंपाकाचं बारीक मीठ ओतू नका. ते तळाशी सिमेंटसारखं बसतं. कधी वरच्यावर कडक पूल धरतं, खाली पोकळी, वरून टँक भरलेला दिसतो आणि पाणी मिठाला टेकलेलंच नसतं. काठीच्या बोथट टोकाने हळू दाबून बघा, पोकळ आवाज आला तर पूल आहे. सळईने ठोकू नका, टँक फुटतो. स्वच्छ खडे मीठ वापरा. मातीचं मीठ घेतलं तर गाळ इंजेक्टरच्या बारीक भोकात अडकतो आणि ब्राइन ओढलीच जात नाही.

---

शंकासूर

काका, आमच्या सोसायटीत सॉफ्टनर लावूनही टीडीएस तेवढाच येतो. फसवणूकच ना?

---

सॉफ्टनरवाले काका

नाही हो. एक कॅल्शिअम जातो, बदल्यात दोन सोडिअम येतात. क्षार पाण्यातून गेले कुठे? टीडीएस तेवढाच राहतो, कधी किंचित वाढतोसुद्धा. सॉफ्टनरची परीक्षा हार्डनेसच्या किटने करा, नाहीतर साबणाच्या फेसाने. टीडीएस कमी करायला आरओ लागतो, ते वेगळं मशीन आणि वेगळं बिल.

---

आठवीची आई

गरम पाण्यात मीठ जास्त विरघळतं ना? मग ब्राइन गरम पाण्यात का करत नाहीत?

---

रसायनी

साखर गरम पाण्यात कितीतरी जास्त विरघळते, मीठ नाही. ० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात ३५.७ ग्रॅम, २५ ला ३६, १०० ला ३९. एवढाच फरक. गरम पाण्यात *लवकर* विरघळतं, *जास्त* फारसं नाही. म्हणूनच मिठाचे मोठे स्फटिक गरम द्रावण गार करून मिळत नाहीत, तुरटीचे मिळतात. मिठाला पाणी सावकाश आटू द्यावं लागतं, मिठागरात तेच करतात.

---

शंकासूर

डाळीच्या पाण्यात आधी मीठ घातलं की उकळबिंदू वाढतो आणि डाळ लवकर शिजते, हे तरी खरं का?

---

मोजपात्र

लिटरला १० ग्रॅम मिठाने उकळबिंदू ०.१७ अंशाने वाढतो. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, इथे पाणी ९८ अंशांच्या जरा वर उकळतं. उंचीने नेलेले दोन अंश मिठाने परत आणायचे तर लिटरला शंभर ग्रॅमच्या वर मीठ लागेल. ती डाळ खाणार कोण? कुकरची शिट्टी आहे त्यासाठी.

---

खडेमीठ_कसबा

यावरून आठवलं. खारवायच्या कैऱ्यांसाठी "१० टक्के मिठाचं पाणी" म्हणून लोक लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम मीठ घालतात. ते ९.१ टक्के झालं. वजनाने १० टक्के हवं तर ९०० ग्रॅम पाणी आणि १०० ग्रॅम मीठ. आणि चमच्याने मोजू नका, तेवढ्याच चमच्यात खडे मीठ कमी बसतं, बारीक जास्त.

पाणी पांढुरकं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. डब्यातल्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली सिलिकासारखी पूड विरघळत नाही, ती तरंगते आणि तळाला बसते.

---

तपकीर गल्ली

पॉट आईस्क्रीममध्ये बर्फावर मीठ टाकतात तो गारवा पण हाच का? ३.९ किलोजूलवाला?

---

रसायनी

तो वाटा किरकोळ. तिथे मीठ बर्फाचा गोठणबिंदू खाली ओढतं, म्हणून शून्याखालीही बर्फ वितळत राहतो, आणि वितळायला ग्रॅममागे ३३४ जूल आजूबाजूने खेचतो. वजनाने साधारण तीन भाग बर्फ, एक भाग मीठ. तळ −२१ अंश, द्रावणात २३ टक्के मीठ असताना. त्याहून जास्त मीठ टाकून आणखी गार होत नाही, ते नुसतं तळाला पडून राहतं.

---

शंकासूर

मूळ प्रयोगाकडे येतो. मिठाचा स्फटिक सव्वानऊ मिली व्यापतो हे तुम्ही भागाकारातून सांगितलंत. डोळ्यांनी कसं दाखवणार? परीक्षक गणितावर विश्वास ठेवत नाहीत.

---

मोजपात्र

चांगला मुद्दा. दुसरी मोजनळी घ्या, तीत ८० मिली पाण्याऐवजी ८० मिली *संपृक्त* मीठपाणी घ्या. आदल्या दिवशी करून ठेवलेलं, तळाशी न विरघळलेलं मीठ असलेलं, वरून निथळून गाळलेलं. त्यात तेच कोरडं २० ग्रॅम मीठ घाला. ते विरघळू शकत नाही, तळाला बसतं आणि पातळी ८९ च्या पुढे जाते. शेजारी साध्या पाण्याची नळी, पातळी ८७. दोन्हींत वरून घातलेलं मीठ तेवढंच.

यात एकच गोष्ट बिघडते: मिठाच्या ढिगात हवा अडकते आणि पातळी खोटी वर दिसते. मीठ थोडं थोडं सोडा, नळी तिरपी करून टिचक्या मारा, बुडबुडे सुटेपर्यंत. बारीक मिठापेक्षा खड्यांत हवा कमी अडकते. मात्र दोन्ही नळ्यांत मीठ एकाच प्रकारचं ठेवा.

---

आठवीची आई

मोजनळी काचेचीच हवी का? प्लॅस्टिकची निम्म्या किमतीत मिळते आहे.

---

मोजपात्र

प्लॅस्टिकची चालेल, मुलांच्या हातात तीच बरी. पॉलिप्रॉपिलीनला पाणी नीट चिकटत नाही, त्यामुळे पाण्याचा वक्र जवळजवळ सपाट राहतो आणि वाचायला उलट सोपं जातं. फक्त नळीवर एका मिलीच्या खुणा आहेत ना ते बघा, दोन मिलीच्या असतील तर घेऊ नका. आणि दोन्ही नळ्या एकाच कंपनीच्या घ्या. सुरुवातीला एकीत साधं ८० मिली पाणी घेऊन ते रिकाम्या दुसरीत ओतून बघा. एका मिलीचा फरक आला तर तो वहीत लिहून ठेवा आणि शेवटच्या वाचनातून वजा करा.